मंगळवारचं तिकीट

मंगळवार, १२ मार्च २०२४

सकाळी सातला कॅरीहून, नॉर्थ कॅरोलायनातल्या आमच्या गावाहून, निघालो तेव्हा गाडीत दोघांच्या मिळून एका रात्रीपुरत्याच कपड्यांची पिशवी होती. लेकीला कॉलेजची आठवडाभर सुट्टी, मी ऑफिसातून दोन दिवसांची रजा काढलेली. तिच्या कॉलेजचा, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना स्टेटचा, बास्केटबॉल संघ वॉशिंग्टनला एसीसी स्पर्धा खेळायला गेला होता. एक सामना बघायचा, रात्री वॉशिंग्टनजवळ हर्नडनला माझ्या मावसभावाकडे, दादाकडे, मुक्काम करायचा आणि बुधवारी जेवायच्या वेळेला घरी, असा बेत होता. संघ ज्या अवस्थेत तिथे पोचला होता ती बघता त्याहून लांबचं काही ठरवावंसं वाटत नव्हतं. हंगामात १७ विजय, १४ पराभव, आणि शेवटचे चार पराभव ओळीने.

ज्यांनी ही स्पर्धा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अमेरिकेत कॉलेजांचे संघ कॉन्फरन्समध्ये विभागलेले असतात. एसीसी, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, १९५३ साली सुरू झाली. २०२३-२४च्या हंगामात तिच्यात १५ संघ होते. हिवाळाभर आपसातले सामने होतात आणि मार्चमध्ये एका आठवड्यात, एकाच शहरात, बाद फेरी. तिचा विजेता थेट राष्ट्रीय स्पर्धेत जातो. त्या ६८ संघांत बाकी कोणाला घ्यायचं ते निवड समिती ठरवते, आणि समिती आम्हाला दारात उभं करणार नव्हती. जिंकत राहायचं, नाहीतर हंगाम तिथेच संपला.

शिवाय सगळ्यांची वाट सारखी नसते. पहिल्या चार क्रमांकांचे संघ थेट गुरुवारी उतरतात, पाच ते नऊ क्रमांकांचे बुधवारी, उरलेले सहा मंगळवारी. स्टेट दहावं. म्हणजे विजेतेपद हवं असेल तर पाच दिवसांत पाच सामने. एसीसीत हे आजवर एकालाही जमलेलं नव्हतं. २०११ साली कनेटिकटने बिग ईस्ट कॉन्फरन्समध्ये करून दाखवलं होतं, आणि ते एकच उदाहरण लेकीने मला पीटर्सबर्ग येईपर्यंत तीनदा सांगितलं.

माझं बास्केटबॉलवरचं प्रेम अमेरिकेतलं नाही. मी भायखळ्याचा. माझे वडील गिरणीत रंगखात्यात होते, ब्याऐंशीच्या संपापर्यंत. संध्याकाळी आम्ही पोरं नागपाड्याला मस्तान तलावाच्या मैदानावर जायचो. मुंबईत क्रिकेट सोडून बास्केटबॉलवर जीव टाकणारी वस्ती कुठली असेल तर ती नागपाडा. तिथे कुंपणाच्या जाळीला नाक लावून मी हा खेळ शिकलो. आता लेक नॉर्थ कॅरोलायना स्टेटला टेक्स्टाइल शिकते, म्हणजे आजोबांचंच खातं पुढे चाललंय. तिच्याबरोबर सामना बघायला बसलो की मला दर वेळी ते मैदान आठवतं.

कॅपिटल वन अरीना शहराच्या मध्यभागी, चायनाटाउनच्या रंगीत कमानीपासून चार पावलांवर आहे. साडेचारला आत शिरलो तर खुर्च्याच खुर्च्या. वीस हजारांच्या जागेत माणसं मूठभर, आणि त्यामुळे खेळाडूंच्या बुटांचा लाकडावरचा चुंईचुंई आवाज वरपर्यंत येत होता. आमच्या शेजारी एक वयस्क गृहस्थ एकटेच बसले होते. लाल स्वेटर, कोपरावर विरलेला. हात शेतकऱ्याचे, हे बघताक्षणी कळत होतं. ते जॉन्स्टन काउंटीचे निघाले. पूर्वी तंबाखू लावायचे, आता रताळी. स्टेटमधूनच शेतकी शिकले, ७४ साली बाहेर पडले.

"मंगळवारी कोणी येत नाही," ते म्हणाले. "तुम्ही आलात, बरं केलंत."

सामना लुईव्हिलशी होता. तो संघ पंधरावा, म्हणजे सर्वांत तळाचा, पण त्यांनी सहज काही दिलं नाही. ९४-८५ असा जिंकलो. मोठा आनंद असा झाला नाही, सुटल्यासारखं वाटलं. रताळीवाले आजोबा (लेकीने त्यांना तेच नाव दिलं) उठता उठता म्हणाले, "मला उद्या वाफे घालायला जायचं होतं. मुलाला सांगतो, एक दिवस थांब."

मी लेकीकडे पाहिलं. ती आधीच फोनवर बुधवारची तिकिटं बघत होती.

बुधवार, १३ मार्च

रात्री दादाच्या बाथरूममध्ये मी माझा लाल टीशर्ट धुतला. लेकीने पहिल्या वर्षी घेऊन दिलेला, आणि सामना त्यातच बघायचा हे तिने ठरवलेलं. मी गरम पाणी घेतलं आणि बघता बघता पांढरं बेसिन गुलाबी झालं. लेक मागे येऊन उभी. "बाबा, गार पाण्यात. सुती कापडाशी रंग बांधला जातो, पण काही रंग न बांधलेला वरच राहतो. कारखान्यात तो नीट धुऊन काढला नसेल तर असा सुटतो." हेच वाक्य, थोड्या वेगळ्या शब्दांत, मी चाळीस वर्षांपूर्वी वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं. तिने माझ्या हातातून टीशर्ट घेतला आणि गार पाण्याखाली, पाणी नितळ येईपर्यंत खळबळवत राहिली.

सकाळी बातमी आली की लुईव्हिलने प्रशिक्षकाला काढलं. काल आमच्यासमोर बाकावर बसलेला माणूस. मला वाईट वाटलं. या आठवड्यात हरणाऱ्याला दुसरा दिवस नसतो, हे वाचणं वेगळं आणि काल ज्याचा चेहरा पाहिला त्याच्या बाबतीत घडणं वेगळं.

संध्याकाळचा सामना सातचा, सिराक्यूजशी. हर्नडनहून सिल्व्हर लाइनची मेट्रो धरली, मेट्रो सेंटरला उतरून उरलेलं अंतर पायी. वॉशिंग्टनमध्ये त्या दिवसांत सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळत होता आणि हे मी एका कारणासाठी सांगतोय. आमच्या संघात मोहम्मद डियारा नावाचा फ्रान्सहून आलेला उंच, काटक मुलगा आहे. रमजान त्याच आठवड्यात सुरू झाला होता आणि तो रोजे पाळत होता. दिवसभर पाण्याचा घोट नाही, आणि संध्याकाळी बास्केटखाली आडदांड माणसांशी झोंबून रिबाउंड, म्हणजे नेम चुकून उसळलेले चेंडू, काढायचे. नागपाड्याला रमजानमध्ये मैदान रात्रीच भरायचं. रोजा सोडून, नमाज करून मुलं यायची, कोणाच्या तरी खिशातून कागदात बांधलेले खजूर निघायचे, आणि आम्हा बिनरोज्यावाल्यांच्या हातावरही एकेक पडायचा. तो चिकट हात चड्डीला पुसून आम्ही चेंडू घ्यायचो. डियारा रिबाउंडसाठी वर झेपावला की मला त्या खजुराची चव आठवायची. लेकीला हे सांगितलं. ती काही बोलली नाही, पण पुढच्या वेळी डियाराने चेंडू खेचला तेव्हा ती माझ्याआधी उभी राहिली.

८३-६५. हा विजय स्वच्छ होता. महिनाभर एकमेकांना हरवून बसलेली ही मुलं पहिल्यांदा एकमेकांकडे बघून खेळत होती. चेंडू एकाच्या हातात अडकून राहत नव्हता. रताळीवाले आजोबा आज आमच्या खालच्या दोन रांगांत होते. जाताना त्यांनी हाताने खूण केली, फोन कानाला लावल्याची. मुलाला कळवतो.

मीही साहेबांना कळवलं. आणखी दोन दिवस.

गुरुवार, १४ मार्च

कालच्या दिवसात आणखी एक बातमी होती. टायडल बेसिनच्या काठाची भिंत नव्याने बांधायची आहे, त्यासाठी चेरीची दीडशेच्या वर झाडं तोडणार, आणि त्यांत 'स्टम्पी' आहे. वहिनी म्हणाल्या, "सामना संध्याकाळी आहे ना? मग आधी त्याला बघून या." सोबत डब्यात थालीपीठं दिली.

स्टम्पी म्हणजे ठेंगणा, बुटका. खोड पोकळ झालेलं, जवळजवळ नुसती साल उभी, वर दोनचार वाकड्या फांद्या. भरतीचं पाणी रोज त्याच्या मुळांपर्यंत यायचं. १९१२ साली टोकियोने दिलेल्या तीन हजार झाडांपासून सुरू झालेल्या या रांगेत ते सगळ्यांत दुबळं, आणि त्याच्याभोवती सगळ्यांत जास्त माणसं. मी वाकून बघितलं. खोडाच्या भेगेतून पलीकडचं पाणी दिसत होतं, आणि त्याच भेगेच्या वर, बोटाएवढ्या फांदीवर, पाच पाकळ्यांची फिक्या गुलाबी रंगाची फुलं उमलत होती. इतकी ताजी, की त्या खोडातून ती आलीत यावर विश्वास बसेना. एक बाई त्याच्यासमोर मांडी घालून त्याचं चित्र काढत होत्या. ऊन चांगलंच चढलं होतं. आम्ही तिथेच गवतावर बसून थालीपीठं खाल्ली.

संध्याकाळी ड्यूक. इथे भूगोल सांगायला हवा. स्टेट रॉलीला, ड्यूक डरहमला, आणि यूएनसी, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ, चॅपल हिलला. तिन्ही गावं पाऊण तासाच्या आत. आपल्याकडे एका गावात दोन तालमी असाव्यात तसं हे आहे, फक्त इथे तीन आहेत, आणि गेली कित्येक वर्षं कुस्ती दोघांचीच गणली जाते. ड्यूक आणि यूएनसी. तिसऱ्याची आठवण कोणी काढत नाही. माझ्या ऑफिसात, आमच्या मराठी मंडळात, सगळीकडे गडद निळे (ड्यूकवाले) आणि फिके निळे (यूएनसीवाले). लाल रंगवाल्याला लोक मायेने विचारतात, "यंदा कसं काय?" त्या मायेचाच त्रास जास्त होतो.

दारात गडबड झाली. फोनवर घेतलेली तिकिटं उघडेनात. ज्यांच्याकडून घेतली त्यांचा फोन लागेना, पैसे तर कापले गेलेले. सामना सुरू झाला, आतून गलका ऐकू येतोय आणि आम्ही बाहेर. शेवटी दुपारच्या सामन्यात हरलेल्या एका संघाचं कुटुंब बाहेर पडलं. त्यांना संध्याकाळच्या सामन्यांत रस उरला नव्हता. त्यांनी आपली तिकिटं आमच्या फोनवर पाठवली आणि मी देऊ केलेले पैसे घेतले नाहीत. त्या माउलीने लेकीच्या गालाला हात लावून म्हटलं, "आमच्या वाटचंही ओरड."

ती ओरडली. ड्यूकचा संघ दुसऱ्या क्रमांकाचा, ताज्या दमाचा, त्यांचा पहिलाच सामना. आमचा तिसऱ्या दिवशी तिसरा. पाय जड दिसायला हवे होते. पण एक गोष्ट त्या दिवशी माझ्या लक्षात आली. विश्रांती घेऊन आलेल्या संघाला पहिली दहा मिनिटं या मैदानाची सवय करावी लागते. कडं किती कडक, उजेड कसा, मागच्या मोकळ्या जागेमुळे अंतर कसं फसवतं. आमच्या मुलांनी ते मंगळवारीच, रिकाम्या खुर्च्यांसमोर, करून घेतलं होतं. ७४-६९. शेवटची दोन मिनिटं मी बघितलीच नाहीत, लेकीच्या चेहऱ्याकडे बघून काय चाललंय ते ओळखत होतो.

शुक्रवार, १५ मार्च

आज दादाही आमच्यासोबत आला. त्याने आयुष्यात बास्केटबॉल पाहिलेला नव्हता. मेट्रोत लेक त्याला समजावत होती: "काका, लांबच्या रेषेबाहेरून टाकलं की तीन गुण, आतून दोन, फाउल झाल्यावर मोकळं टाकायला मिळतं त्याचा एक." दादाने हिशेबाच्या वहीत लिहावं तसं लक्ष देऊन ऐकलं.

उपांत्य फेरी. आधीच्या सामन्यात यूएनसीने पिट्सबर्गला ७२-६५ हरवलं. मग साडेनऊनंतर आम्ही आणि व्हर्जिनिया. व्हर्जिनियाची खेळायची रीत संथ आणि चिवट. घाई करत नाहीत, करू देत नाहीत. दमलेल्या संघाला असा प्रतिस्पर्धी फार जड जातो, कारण धावून सुटका होत नाही, प्रत्येक वेळी डोकं चालवावं लागतं. आमच्या केसी मॉर्सेलसाठी तर ही संध्याकाळ दुहेरी होती. तो वॉशिंग्टनचाच मुलगा, आणि पहिली दोन वर्षं व्हर्जिनियाकडूनच खेळलेला.

मला त्या सामन्याचे शेवटचे पाच-सहा सेकंद जसेच्या तसे सांगायचे आहेत. व्हर्जिनिया ५८, आम्ही ५५. त्यांच्या खेळाडूला फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मोकळं टाकायला, मिळाला. आत गेला की संपलं. आमच्या पुढच्या रांगेतल्या बाई पिशवी आवरून उभ्या राहिल्या होत्या. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. त्याने चेंडू दोनदा आपटला की तीनदा, आठवत नाही. हातातून सुटला, कड्यावर लागला आणि बाहेर आला. रिबाउंड आमचा. चेंडू मायकल ओकॉनेलकडे. हा स्टॅनफर्डहून आलेला, गाजावाजा नसलेला मुलगा. गुण मिळवण्यासाठी ज्याच्याकडे बघतात तो हा नव्हे. अर्धं मैदान ओलांडून तो धावत आला आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून, अंगाचा तोल अजून पुढे जात असताना, त्याने चेंडू टाकला. भोंगा वाजला तेव्हा चेंडू हवेत होता. तो फळ्याला लागला, कड्यावर आला, आणि तिथे घुटमळला. हजारो माणसांचा श्वास अडकल्याचा आवाज नसतो असं कोणी म्हणू नये. असतो. मग चेंडू आत पडला.

दादाने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे काळंनिळं झालं. "तीन ना? हे तीन ना?" तो विचारत होता. तीन. ५८-५८.

ओव्हरटाइममध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा वेळात, व्हर्जिनिया उरलंच नाही. हातातोंडाशी आलेला घास गेल्यावर माणूस कसा बसतो तसे ते खेळले. ७३-६५. रताळीवाले आजोबा कुठे तरी वर होते, आम्हाला दिसले नाहीत. बाहेर पडताना जिन्यात भेटले. स्वेटर काढून हातावर टाकलेला, शर्ट घामाने भिजलेला. त्यांनी मला आणि लेकीला, दोघांना एकदम जवळ घेतलं.

मध्यरात्रीच्या मेट्रोत शेवटपर्यंत ते आमच्या डब्यात होते, आणि त्यांनी १९७४ची गोष्ट सांगितली. तेव्हा कॉन्फरन्समधून फक्त विजेताच राष्ट्रीय स्पर्धेत जायचा. ग्रीन्सबरोला अंतिम सामना, स्टेट आणि मेरीलँड, देशातल्या सर्वांत चांगल्या संघांपैकी दोघे. ओव्हरटाइममध्ये स्टेट १०३-१००. स्टेट पुढे जाऊन राष्ट्रीय विजेतं झालं, आणि तेवढ्याच तोलाचं मेरीलँड घरी बसलं. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धा ३२ संघांची केली गेली आणि एका कॉन्फरन्समधून एकाहून जास्त संघ घेता यायला लागले. "म्हणजे आज जे एवढे संघ जातात," ते म्हणाले, "ते त्या एका रात्रीमुळे. मी तिथे होतो." सांगताना त्यांचा आवाज कापत होता. पन्नास वर्षांपूर्वीची रात्र, आणि त्यांनी मेरीलँडबद्दल जे शब्द वापरले ते स्वतःच्या माणसाबद्दल वापरतात तसे होते.

शनिवार, १६ मार्च

टीशर्ट चौथ्यांदा धुतला. आता रंग सुटत नव्हता.

दिवस कसा काढला ते सांगण्यात अर्थ नाही. साडेआठला सामना. अरीनात पाऊल ठेवलं तर मंगळवारच्या त्याच खुर्च्या ओळखू येईनात. खालपासून छतापर्यंत माणसं. फिका निळा रंग जास्त, पण लालही काही कमी नव्हता. स्टेटच्या संघाचं टोपणनाव वुल्फपॅक, म्हणजे लांडग्यांचा कळप. एका बाजूने "वुल्फ" आणि दुसऱ्या बाजूने "पॅक" अशी आरोळी सुरू झाली. मधली दोन बोटं अंगठ्याला टेकवून, तर्जनी आणि करंगळी वर करून लांडग्याचं तोंड करायचं, ती खूण दादालाही जमली.

एसीसीची पहिली स्पर्धा १९५४ साली स्टेटच्याच मैदानावर झाली आणि स्टेटनेच जिंकली. १९८७ पर्यंत दहा विजेतेपदं. दहावं इथून जवळच, मेरीलँडमधल्या लँडोव्हरला, याच यूएनसीला ६८-६७ असं एका गुणाने हरवून. तेव्हा जिम व्हॅल्व्हानो प्रशिक्षक होते. त्यानंतर ३७ वर्षं काहीच नाही. लेक तर सोडाच, तिच्या वर्गातल्या काही मुलांचे आईबापही तेव्हा शाळेत असतील.

यूएनसी पहिल्या क्रमांकाचा संघ. त्यांच्या आर. जे. डेव्हिसने एकट्याने ३० गुण केले आणि तरी ते हरले, याचं कारण मला डी. जे. बर्न्समध्ये दिसतं. सहा फूट नऊ इंच उंची, सव्वाशे किलो वजन. आजच्या बास्केटबॉलमध्ये असा गडी लोकांना जुन्या जमान्यातला वाटतो. तो बास्केटकडे पाठ करून उभा राहतो, चेंडू मागतो, आणि मागच्या खेळाडूला पाठीने, खांद्याने, घाई न करता एकेक पाऊल मागे सारत नेतो. मग डावा खांदा वळतो आणि डाव्या हाताने चेंडू इतक्या हलक्या हाताने वर सोडतो की देवापुढे फूल ठेवतोय असं वाटावं. एका माणसाने तो अडत नाही म्हणून दुसरा धावून येतो. आणि इथे त्याचं खरं कसब आहे. दुसरा निघतोय हे त्याला पाठीला डोळे असल्यासारखं कळतं, आणि त्या दुसऱ्याने मोकळा सोडलेला आपला माणूस कुठे आहे तेही. चेंडू तिकडे गेलेला असतो. अंतिम सामन्यात त्याचे २० गुण आणि ७ असिस्ट, म्हणजे जोडीदाराला गुण मिळवून देणारे पास. बाहेर उभ्या डी. जे. होर्नचे २९. होर्न आमच्याच रॉलीच्या परिसरात वाढलेला. लहानपणापासून निळ्यांचं कौतुक ऐकलेला मुलगा तो, आमच्यासारखाच. त्याचा प्रत्येक तीन गुणांचा चेंडू आत जाताना आमच्या बाजूचं सगळं गाव उठून उभं राहायचं.

आणि डियारा. १४ रिबाउंड.

पाचव्या दिवशी पाय उचलत नाहीत, हे मी अरीनात उघड बघितलं. टाइमआउटमध्ये मुलं खुर्चीवर बसत नव्हती, पडत होती. ओकॉनेल गुडघ्यावर हात ठेवून वाकलेला असायचा, शिट्टी वाजली की सरळ व्हायचा. अशा वेळी बर्न्सचा संथपणा सगळ्या संघाला पोसत होता. तो मागे सारत जातो तेवढ्या सेकंदात बाकीच्या चौघांना श्वास मिळतो. ज्याला लोक या खेळासाठी जड म्हणतात त्याच्याच जडपणावर बाकीचे विसावत होते.

८४-७६.

भोंगा वाजला आणि छतातून कागदाचे कपटे पडायला लागले. लेक रडत होती, मी रडत होतो, दादा आम्हा दोघांना पाणी पाजत होता. मी आजोबांना शोधलं. आज त्यांची जागा आमच्याच भागात, सहा-सात रांगा खाली होती. सगळे उभे आणि ते एकटे बसलेले, दोन्ही हात मांडीवर, उताणे. खाली जाऊन त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर टेकलो. बराच वेळ दोघंही बोललो नाही.

मैदानावर शिडी आणली गेली. विजेत्याने बास्केटची जाळी कात्रीने कापायची ही इथली रीत. इंडियानातली ही प्रथा एव्हरेट केस नावाच्या प्रशिक्षकांनी नॉर्थ कॅरोलायनात रुजवली, आणि ते स्टेटचेच. एकेक खेळाडू वर चढतो, एकेक गाठ कापतो. बर्न्स शिडीकडे निघाला तेव्हा मैदान हसलं आणि पुढच्या क्षणी त्याच्या नावाचा गजर झाला; स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच. प्रशिक्षक केविन कीट्स सर्वांत शेवटी चढले आणि उरलेली जाळी गळ्यात घालून उतरले. लेक कुजबुजली, "नायलॉन असेल बाबा. सूत असतं तर इतकी वर्षं..." आणि वाक्य अर्धंच राहिलं.

आजोबा उठले. "उद्या रविवार," ते म्हणाले. "सोमवारी वाफे." लेकीशी त्यांनी हात मिळवला, नीट, दोन्ही हातांनी. "तुम्ही मंगळवारी होता," ते तिला म्हणाले.

रविवार, १७ मार्च

टायडल बेसिनची चेरी पूर्ण बहरल्याचं आज जाहीर झालं, असं वहिनींनी निघताना सांगितलं. पुन्हा जायला वेळ नव्हता. रिचमंडच्या पुढे पेट्रोलपंपावर तीन गाड्या दिसल्या, तिन्हींच्या खिडक्यांना लाल झेंडे. कोणी कोणाला ओळखत नव्हतं, सगळे एकमेकांशी बोलत होते.

रॉलीला घरी न जाता आधी कॉलेजच्या बेलटॉवरकडे गाडी वळवली. पायथ्याशी रात्रीच्या गर्दीच्या खुणा, चुरगळलेले पेले, एक हरवलेली लाल टोपी. मुलंमुली अजूनही येऊन फोटो काढत होती. लेकीला तिच्या मैत्रिणी भेटल्या. मी टोपी उचलून कठड्यावर ठेवली, कोणी शोधत आलंच तर दिसावी म्हणून.

सहाला घरी टीव्हीसमोर बसलो. निवड समिती राष्ट्रीय स्पर्धेची यादी जाहीर करत होती. बायकोने वरणभात वाढला होता, ताटं हातातच होती. नावं येत होती, जात होती. मग आलं: अकरावं मानांकन, नॉर्थ कॅरोलायना स्टेट. समोर टेक्सस टेक. गुरुवारी, पिट्सबर्गला.

लेकीचे सोमवारपासून वर्ग. माझी रजा संपलेली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. बायको म्हणाली, "जेवा तरी आधी."

जेवलो. मग पिशवीतून टीशर्ट काढला आणि गार पाण्यात भिजत घातला.